भर बैठकीत ढवळ्या पडला

माझी भाची पल्लवी हिचं लग्न ढवळ्यानं जमवलं, असं आमच्या समस्त नातेवाइकांचं मत आहे. ते साफ चूक आहे. ज्या वेळी लग्न जमलं, त्या वेळी ढवळ्या मरून पडलेला होता.

ढवळ्या म्हणजे बैल नव्हे. (बैल असता तर बरं झालं असतं. बैलापायी भर बैठकीत कुणाची अब्रू गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.) ढवळ्या हा एका जपानी कार्टूनचा नायक. पल्लवीसमोर ‘कार्टून’ म्हणायची सोय नाही, ‘ॲनिमे’ म्हणावं लागतं. त्याचं खरं नाव लांबलचक जपानी आहे, आणि ते उच्चारायला गेलं की मला ठसका लागतो. केस मात्र पांढरेशुभ्र! म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याचं नाव ढवळ्या ठेवलं, आणि घरात तेच चाललं.

पल्लवी म्हणजे माझ्या अक्काची, थोरल्या बहिणीची मुलगी. अक्का-दाजी लातूरचे. पोरगी रसायनशास्त्र शिकायला नांदेडला आमच्याकडे राहिली होती. संध्याकाळी चहाच्या वेळी ती मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि बघत बसायची. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे लोकांना उपदेश करायची सवय आहेच.

“शास्त्र शिकणारी पोरगी अन् कार्टून बघायलीस?” मी म्हणालो.

“मामा, एक भाग बघा. मग बोला.”

एक भाग बघितला. मग बोलायचं राहूनच गेलं, कारण दुसरा भाग सुरू झाला होता! पुढं पुढं अशी वेळ आली, की वर्गात गोदावरीचं खोरं शिकवता शिकवता मी पोरांना सांगून बसलो, “ढवळ्या असता तर हे खोरं एका चुटकीत बुजवलं असतं.” नववीच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. भूगोलाच्या तासाला टाळ्या पडण्याचा माझ्या नोकरीतला तो एकमेव प्रसंग.

ढवळ्याची ताकदच तशी होती. तो तलवार काढत नाही, धावत नाही, घामसुद्धा गाळत नाही. नुसती चुटकी वाजवतो. चुटकी वाजली की समोरचा डोंगर गायब! फौज आली, चुटकी. राक्षस आला, चुटकी. त्याचा मुख्य शत्रू शिंगवाला होता, म्हणून तो शिंगाड्या. अख्ख्या मालिकेत ढवळ्याच्या अंगाला साधा ओरखडा नाही.

आमच्या सौभाग्यवती शैलाबाईंना हे काही पटत नसे. “एवढा ताकदीचा हाय, तर पहिल्याच दिवशी का मारत न्हाई त्या शिंगाड्याला? एवढे भाग कशाला पाहिजेत?”

“अगं, तो संयमी हाय.”

“संयमी न्हाई, तुमच्यासारखा आळशी हाय. दळण आणा.”

पुढं पल्लवीचं शिक्षण झालं आणि ती लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला लागली. पोरगी जीव ओतून शिकवायची. तिच्या तासाला दुसऱ्या तुकडीतली पोरं चोरून येऊन बसतात, असं अक्का कौतुकानं सांगायची. पण ढवळ्या काही सुटला नाही. दर रविवारी संध्याकाळी सहाला नवा भाग यायचा. ती लातूरला, मी नांदेडला, फोन चालू. “मामा, लावू का?” “लाव.” एकमेकांना सोडून बघायचं नाही, ही आमची शपथ होती.

अशात पल्लवीला उदगीरचं स्थळ आलं. मुलगा ओंकार, लातूरलाच बँकेत. पाहणं झालं, पसंती झाली, आता फक्त बैठक राहिली होती. आमच्याकडं बैठक म्हणजे लग्नाचं खरं युद्ध. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, लग्न कुठं, मानपान कसा, कुणाला काय, सगळं तिथंच ठरतं. ठरलं की सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही! आणि यातली मुख्य मेख अशी, की मुलीच्या बापानं तिथं तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मामानं.

म्हणजे मी.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. जन्मल्यापासून येत नाही. समोरचा माणूस काहीही म्हणाला, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, “हाव हाव, बरोबर हाय.” भाजीवाल्यानं कुजकं वांगं दाखवून “ताजं हाय, गुरुजी” म्हटलं, तरी हाव. एकदा गावातल्या दोन विरोधी उमेदवारांना मी एकाच सकाळी हाव म्हणालो, आणि दुपारी दोघांच्याही फलकावर माझा फोटो लागला. अशा माणसाच्या हातात अक्कानं पोरीची बैठक दिली. (तिला दुसरा भाऊ नाही, यात माझा काय दोष?)

बैठकीच्या आधी पल्लवीचा फोन आला. आवाज रडवेला.

“मामा, ओंकारचे चुलते हायत ना, तात्या, त्यांचं म्हणणं हाय म्हणं, सुनंनं नोकरी सोडावी. त्यांच्या धान्याच्या आडतीवर येणाऱ्या-जाणाऱ्याचं चहापाणी बघावं.”

“अन् ओंकार काय म्हणतोय?”

“तो काय म्हणणार? त्याला वडील न्हाईत, तात्यांनीच वाढवलंय. त्यांच्यापुढं ब्र काढत न्हाई. मामा, बाकी सगळ्याला हाव म्हणा, माझं काही म्हणणं न्हाई. पण नोकरी सोडा म्हणले की न्हाई म्हणा. एकच न्हाई, मामा. माझं सगळं त्याच्यावर हाय.”

“हाव,” मी म्हणालो.

“हाव न्हाई! न्हाई!”

“हाव, न्हाई म्हणतो.”

“अन् अजून एक. बैठकीच्याच रविवारी ह्या वर्षीचा शेवटचा भाग हाय ढवळ्याचा. मला काही बघता यायचं न्हाई. तुमीबी बघायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी मिळून बघू. शपथ?”

“शपथ!”

मग घरी सराव सुरू झाला. शैला तात्या व्हायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, “पोरीनं नोकरी सोडावी. काय म्हणताव, मामा?” मी छाती भरून श्वास घ्यायचो आणि म्हणायचो, “न्हाई... का?” ते ‘का’ कुठून यायचं कुणास ठाऊक. शेवटी बसमध्ये, लोह्याच्या पुढं, एकदा स्वच्छ ‘न्हाई’ निघालं. पण तेव्हा कंडक्टर विचारत होता, तिकीट काढलं का म्हणून.

बैठक रविवारी दुपारी चारची, लातूरला दाजींच्या घरी होती. सहाच्या आत आटोपणार, मग ढवळ्याचा प्रश्नच नाही, असा माझा हिशेब. पण पाहुण्यांची गाडी वाटेत पंक्चर झाली आणि मंडळी दारात उतरली तेव्हा सहाला थोडीच मिनिटं राहिली होती! शेवटचा भाग! उद्या सकाळी शाळेत पाऊल टाकलं, की नववीची पोरं ढवळ्याचं काय झालं ते ओरडून सांगणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शपथ खरीच घेतली होती. पण शपथ घेताना पंक्चर कुणाला माहीत होतं?

तर मी एक युक्ती केली. थंडीचे दिवस होते. कानात बिनवायरचं ते बोंडूक घातलं, वरून मफलर गच्च गुंडाळला आणि शैलाला सांगितलं, कान ठणकतोय. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की खरंच ठणकायला लागला. बैठकीत गेल्या गेल्या पाहुण्यांनी मानाचा टॉवेल मांडीवर ठेवला. त्या टॉवेलच्या घडीत मोबाइल बरोब्बर बसला. आवाज कानात, चित्र मांडीत, मान खाली. बघणाऱ्याला वाटावं, मामा किती विचारी माणूस!

मधोमध पानसुपारीचं ताट. पलीकडं तात्या. भरघोस मिशा, आडतीवर भाव पुकारून कमावलेला आवाज. त्यांच्या शेजारी ओंकार, टोपी घालून, हात जोडून बसलेला. मध्यस्थ होते रशीदचाचा, लातूरचे कापडवाले. दोन्ही घरांचे लग्नाचे बस्ते त्यांच्याच दुकानात फाटत आले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला मान. दाजी माझ्या मागं, मौनव्रतात. बायका आतल्या खोलीत पडद्याआड.

“तर मामा,” तात्यांनी सुरुवात केली, “लग्न उदगीरला व्हावं, असं आमचं मत हाय.”

(आमचं ठरलं होतं, लग्न लातूरलाच. हे दाजींनी मला तीनतीनदा सांगितलं होतं.)

नेमकी त्याच वेळी मांडीवर शिंगाड्याची फौज आली. लाखो राक्षस! ढवळ्यानं नुसतं एक बोट वर केलं आणि अर्धी फौज धूर झाली.

“वा!” मी म्हणालो. “वा वा वा!”

“मामा दिलदार हायत!” तात्या खूष झाले. दाजींनी मागून माझ्या पाठीत कोपर खुपसलं. मला वाटलं, त्यांना जागा कमी पडतेय, म्हणून मी पुढं सरकलो.

“आता टॉवेल-टोपीचं,” तात्या म्हणाले. “आमची भावकी मोठी. उदगीर, बिलोली, धर्माबाद, सगळीकडं पसरलीय. सगळ्यांना तुमच्याकडून टॉवेल-टोपी झाली पाहिजे.”

इकडं उरलेली फौज ढवळ्याच्या मागं लागली होती आणि मी पूर्ण रंगात आलो होतो. “अजून येऊ द्या!” मी पुटपुटलो. “अजून येऊ द्या!”

तात्यांचा आवाज जरा खाली आला. “अजून? बरं... मग आडतीवरच्या हमालांनाबी धरू.”

“मामू,” रशीदचाचा हळूच म्हणाले, “जरा सोच के बोलो.”

दाजींचं कोपर आता माझ्या बरगडीत कायमचं राहायला आलं होतं. मी त्यांच्याकडं वळून मान हलवली, म्हणजे ‘काळजी करू नका, मी आहे ना!’ दाजींनी डोळे मिटून घेतले.

यानंतर तात्या बराच वेळ काहीतरी बोलत होते. काय ते मला आजही ठाऊक नाही, कारण ढवळ्या आणि शिंगाड्या शेवटी समोरासमोर आले होते. बर्फ पडत होता. शिंगाड्याच्या मागं एक लहानसं गाव. दोघंही गप्प उभे. मी श्वास रोखून धरला. एवढ्यात जाणवलं, की खोलीतही सगळे गप्प आहेत आणि माझ्याकडंच बघताहेत. म्हणजे काहीतरी विचारलंय! आता काय विचारलं असेल? अशा वेळी जे जन्मभर केलं, तेच मी केलं.

“हाव हाव,” मी म्हणालो, “बरोबर हाय.”

पडद्याआड एक स्टीलचं भांडं पडलं.

“झालं तर!” तात्यांनी मांडीवर थाप मारली. “पोरगी नोकरी सोडंल, ह्ये मामानं एका शब्दात मान्य केलं. अहो, आमाला वाटलं होतं इथंच अडंल! मामा, तुमच्यासारखा समजूतदार माणूस मी बघितला न्हाई. म्हणून आता माझी एक इच्छा. लग्नात तुमाला मानाचा फेटा मी स्वतः माझ्या हातानं बांधणार!”

आणि त्याच क्षणी शिंगाड्याचा हात ढवळ्याच्या छातीतून आरपार गेला.

मंडळी, काय सांगू तुम्हाला! ज्याला कधी साधा ओरखडा नाही, डोंगर ज्याला घाबरतात, तो ढवळ्या! त्यानं चुटकी वाजवली नाही. बोट हललं नाही. उभ्याचा गुडघ्यावर आला आणि बर्फात पडला! माझं डोकं सुन्न झालं. टॉवेल-मोबाइल पोटाशी धरून मी ताडकन उठलो आणि माझ्या आयुष्यातला पहिला स्वच्छ, खणखणीत, ‘का’ नसलेला नकार बाहेर पडला.

“न्हाई! आजिबात न्हाई! असं कसं करताव तुमी?”

तात्यांचा जबडा खाली आला. “फेट्याला न्हाई म्हणताव?”

“मला मान्यच न्हाई हे!” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“मानाचा फेटा नाकारता?” आता तात्याही उठले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. “सगळ्याला हाव, अन् आमच्या हातच्या फेट्याला न्हाई? ओंकार, ऊठ. चप्पल घाल!”

मी भानावर यायला आणि हातातून टॉवेल घसरायला एकच गाठ पडली. मोबाइल दाणकन पानसुपारीच्या ताटात पडला. मफलर सुटला, कानातलं बोंडूक घरंगळत जाऊन तात्यांच्या पायाशी थांबलं. घाईत मोबाइल उचलताना मी कुठलं बटण दाबलं देव जाणे, पण ढवळ्याच्या मरणाचं ते शोकसंगीत, वर एका जपानी बाईचा हंबरडा, असं सगळं भसकन खोलीत घुमलं!

तात्यांनी पायाशी पडलेलं बोंडूक बघितलं, मग माझ्या हातातलं चित्र बघितलं.

“ह्ये काय हाय?” तात्या म्हणाले. “मामा, पोरीच्या बैठकीत बसून तुमी कार्टून बघायलाव?”

माझ्या तोंडून “हाव” निघालं. या खेपेला निदान ते खरं तरी होतं.

आता पुढचा धक्का तात्यांना बसायचा होता. कारण इतका वेळ मूर्तीसारखा बसलेला ओंकार एकदम दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे गच्च मिटून ओरडायला लागला, “बंद करा! बंद करा! कुणी सांगू नका! मी अजून बघितला न्हाई!”

“तू बी?” तात्या मटकन खाली बसले.

तेवढ्यात पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला आणि पल्लवी बाहेर! बैठकीत नवरी मुलगी कधी येत नाही. आमच्या सात पिढ्यांत आली नव्हती. तिचे डोळे भरले होते, हातात पोह्यांचा डाव होता, आणि दोन्ही गोष्टी माझ्यावर रोखलेल्या.

“मामा! नोकरीला हाव म्हणलात!” ती म्हणाली. आणि मग त्याहून मोठ्यानं, “अन् माझ्याबिगर बघितलात?”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पोरीनं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. एक शब्द. तोही मला योग्य ठिकाणी वापरता आला नाही. मी तो फेट्यावर उधळला. तिच्याकडं बघायची हिंमत होईना, म्हणून मी पानसुपारीच्या ताटाकडं बघत राहिलो.

तात्यांनी मोबाइल हातात घेतला. तो बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे बघण्यावाचून इलाज नव्हता. चष्मा लावून त्यांनी निरखून बघितलं.

“ह्यो म्हातारा कोण हाय?”

“म्हातारा न्हाई, तात्या,” ओंकार डोळे मिटूनच म्हणाला. (कानातली बोटं किती घट्ट होती, ते यावरून कळावं.) “सतरा वर्षांचा हाय तो.”

“हाय न्हाई, होता. मेला की.”

“तात्या!” ओंकारनं अशी किंकाळी फोडली, की रशीदचाचांच्या हातचं पान खाली पडलं. “सांगू नका म्हणलं होतं ना! मेला? ढवळे केसवाला मेला? शक्य न्हाई!”

“मलाबी तसंच वाटलं,” मी रडवेल्या आवाजात म्हणालो. ओंकारनं डोळे उघडले. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. समदुःखी माणसं तशीच बघतात.

तात्या मात्र आडतीवरचा माणूस. व्यवहार कळल्याशिवाय उठणं त्यांच्या रक्तात नाही. “पण ह्याला मारला कुणी? अन् तुमी तिघं शिकली-सवरलेली माणसं रडायलाव कशापायी? मला कुणी सांगंल का नीट?”

“मी सांगते,” पल्लवी म्हणाली.

डोळे पुसून तिनं मोबाइलवर ती शेवटची लढाई भरभर बघून घेतली आणि ती सरळ बैठकीत, ताटापुढं बसली. आणि मग माझ्या भाचीला शिकवताना मी पहिल्यांदा बघितलं. तिनं एक अख्खी सुपारी उचलली. “हा ढवळ्या, तात्या. चुटकी वाजवली की समोर जे असंल ते संपतं.” मग अडकित्ता उचलला. “हा शिंगाड्या. दुष्ट हाय, पण चतुर हाय.” मग लवंगांची रांग लावली, ती फौज. सुपारीच्या मागं खडीसाखरेचे खडे ठेवले, ते गाव. सगळा कारभार ताटात मांडून तिनं शिंगाड्याचं कपट असं उलगडून सांगितलं, की मालिकेतले सगळे भाग बघूनही मला न कळलेल्या दोन गोष्टी त्या दिवशी कळल्या.

“शेवटी अडकित्ता सुपारीच्या पुढं न्हाई, बाजूनं गेला अन् गावाच्या तोंडाशी उभा ऱ्हायला. सुपारी वळली, तर समोर अडकित्ता अन् त्याच्या पाठीला लागून खडीसाखर,” ती म्हणाली. “आता तुमी सांगा, तात्या. ढवळ्यानं चुटकी का वाजवली न्हाई?”

प्रश्न थेट तात्यांना! तात्या मिशीवर हात फिरवत ताटाकडं बघत राहिले. ओठ हलत होते. मग एकदम त्यांचे डोळे मोठे झाले.

“चुटकी वाजवली असती... तर शिंगाड्यासंगं गावबी गेलं असतं!”

“एकदम बरोबर!” पल्लवी म्हणाली.

तात्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी माझ्या वर्गात इतकी वर्षं शोधतोय. “बघितलं का, रशीदभाई? मला आलं! म्हणजे ताकद होती, पण वापरली न्हाई. गावासाठी मेला बिचारा.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “लई मोठा माणूस होता.”

“बहुत बडा,” रशीदचाचा म्हणाले आणि त्यांनीही डोळे पुसले.

“आता पुढचा भाग कवा?” तात्यांनी विचारलं.

“पुढच्या वर्षी,” ओंकार म्हणाला.

“वर्षभर त्यो तसाच बर्फात पडून ऱ्हाणार? अरे, काय माणसं हायत का कोण!”

थोडा वेळ सगळे जपानी लोकांवर चिडून बसले. मग तात्यांनी पल्लवीकडं बघितलं, आणि आवाज एकदम बदलला. “पोरी, क्लासातबी असंच शिकीवतीस का?”

“हो, तात्या. तिथं सुपारी नसते, एवढंच.”

“तात्या,” ओंकार उभा राहिला. “तिनं नोकरी सोडू नये, असं मला वाटतं. आधीच बोलायला पाहिजे होतं मी.”

“गप बस. मला काय डोळे न्हाईत व्हय?” तात्या म्हणाले. “माझ्यासारख्या चौथी नापास माणसाकडून जी उत्तर काढून घेती, तिला मी चहा गाळायला लावू का? माझी अट मी वापस घेतली.”

आत अक्काचा हुंदका ऐकू आला. दाजींनी इतक्या वेळानं श्वास सोडला. पण रशीदचाचांनी हात वर केला. “ठैरो. मामूनं बैठकीत हौ बोल्या. दिलेला शब्द ज्यानं दिला त्यानंच वापस घ्यायचा, ऐसाच दस्तूर है. मामूच नक्को बोलेंगे तो बात बनेगी.”

सगळे माझ्याकडं वळले.

“मामा,” तात्यांनी गंभीरपणे विचारलं, “पोरीनं नोकरी सोडावी का?”

घशात ‘हाव’ येऊन बसलंच होतं, अगदी दाराशी. मी पल्लवीकडं बघितलं. ती माझ्यावर चिडलेली होती, तरी तिचे ओठ माझ्याबरोबर तो शब्द लावत होते, वर्गातल्या ढ पोराला फळ्याजवळ आधार द्यावा तसे. मला तिची इतकी माया आली, की मी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि ओरडलो.

“न्हाई!”

टाळ्या! अक्षरशः टाळ्या पडल्या! शैलाही पडद्याआडून टाळ्या वाजवत होती, आणि लग्नानंतर असं प्रथमच घडत होतं. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ संचारलं. ‘न्हाई’ म्हणणं इतकं सोपं असतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! मागून दाजी कानाशी कुजबुजले, “आता टॉवेल-टोपीलाबी न्हाई म्हणा! लग्न लातूरला म्हणा! लवकर, तोंड उघडलंय तोवर!”

मी मान डोलावली, छाती भरून श्वास घेतला, आणि तोंड उघडलं. तेवढ्यात तात्या प्रेमानं पुढं झाले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “मामा, झालं-गेलं गंगेला मिळालं. आता तरी मानाचा फेटा माझ्या हातानं बांधून घ्या.”

“न्हाई!” मी ओरडलो.

शब्द आधीच निघालेला होता हो! भरलेल्या श्वासाला थांबवायचं कसं? तात्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “मानलं! मामा शब्दाला पक्के हायत. आधी न्हाई, आताबी न्हाई. आता ह्यांना फेट्याचा आग्रह कुणी करायचा न्हाई!” आणि त्यांनी सुपारी फोडली. ढवळ्याचीच. त्यामुळे लग्न उदगीरला राहिलं, टॉवेल-टोपी हमालांसकट राहिली, आणि दाजींनी माझ्याशी बोलणं जे टाकलं ते वऱ्हाड निघेपर्यंत.

लग्न दणक्यात झालं. उदगीर, बिलोली, धर्माबादची भावकी नव्या टोप्यांत चमकत होती आणि मानकरी सगळे गुलाबी फेट्यांत. तात्यांच्या हुकमामुळे वाढपी सोडले तर अख्ख्या मांडवात उघड्या डोक्याचा पुरुष मी एकटा. अक्षता पडल्या, पल्लवी पाया पडली. मी डोळे पुसत पंगतीच्या कडेला उभा होतो, तर धर्माबादच्या एक आजी पदर सावरत माझ्याकडं वळल्या.

“ए बाबा, वाढप्या, रडतोस काय असा? इकडं मठ्ठा आण.”

“हाव हाव,” मी म्हणालो आणि मठ्ठा आणायला गेलो.